मधुबाला : तसबिरीमागची मुलगी

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

तसबिरींना चौकटी बसवून देणाऱ्या दुकानात कधी थांबायची वेळ आली, तर जरा भिंतीकडे बघा. लक्ष्मी असते, गणपती असतो, शिवाजी महाराज असतात, साईबाबा असतात. फळांची परडी असते, बर्फाचे डोंगर असतात. आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी, मान किंचित कलती करून, ओठांच्या एका कोपऱ्यातून हसणारी एक तरुणी असते. चित्राखाली नाव नसते. त्याची गरजही पडत नाही.

मी ज्या दुकानात वडिलांचा फोटो मढवायला दिला होता, तिथेही ती होती. दुकानदाराला मी सहज विचारले, की हे चित्र अजून विकले जाते का. त्याचे म्हणणे असे, की बाकीच्या नट्यांची चित्रे दोन-तीन वर्षांत उतरवावी लागतात. हे मात्र त्याच्या वडिलांच्या वेळेपासून आहे, एक विकले गेले की दुसरे लावायचे. दुकानदार चाळिशीचा. म्हणजे मधुबाला गेली तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता.

मधुबाला गेली ती २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, मुंबईत. छत्तिसावा वाढदिवस होऊन अवघे नऊ दिवस झाले होते. या गोष्टीला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तिचे चित्रपट पहिल्या आठवड्यात रांगा लावून पाहणारी पिढी आता फार थोडी उरली आहे. आज जे तिच्यावर लोभ करतात, त्यांतल्या बहुतेकांनी तिला कधी ‘आजची नटी’ म्हणून पाहिलेलेच नाही. तरीही ती आहे. ती का आहे, एवढाच प्रश्न घेऊन आज मी तुमच्यापुढे आलो आहे.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्या सर्वांच्या जिभेवर असते. लवकर गेली म्हणून. सुरकुत्या पडण्याआधी गेली, चरित्र भूमिकांत आईची कामे करण्याची पाळी आली नाही, म्हणून ती आपल्या मनात कायम तरुण राहिली. हॉलिवूडचा जेम्स डीन १९५५ साली मोटार अपघातात गेला, चोविसाव्या वर्षी. मेरिलिन मन्रो १९६२ साली गेली, तीही छत्तिसाव्या वर्षी. दोघांची चित्रे जगभरच्या भिंतींवर आहेत. तेव्हा हे उत्तर बरोबर वाटते.

पण मग गीता बालीचे काय? ‘बावरे नैन’, ‘बाजी’, ‘अलबेला’ असे चित्रपट करणारी, अंगात नुसता पारा भरलेली ही गुणी नटी जानेवारी १९६५ मध्ये देवीच्या साथीत गेली. तिचेही वय पस्तिशीच्या आसपासच होते. मास्टर भगवान यांच्याबरोबरच्या ‘अलबेला’तल्या गाण्यांवर आपल्याकडे वरातीत आजही पावले थिरकतात. पण चौकटीच्या दुकानात गीता बाली नसते. तेव्हा नुसते लवकर जाणे पुरत नाही. लवकर गेलेले कितीतरी कलावंत आपण हां हां म्हणता विसरून गेलो आहोत. मधुबालेच्या बाबतीत आणखी काहीतरी घडले असले पाहिजे. ते शोधायचे तर १९४९ सालापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, नायक अशोककुमार. गोष्ट अशी, की एक तरुण नदीकाठच्या जुन्या वाड्यात राहायला येतो. त्या वाड्यात पूर्वी कामिनी नावाची एक स्त्री आपल्या प्रियकराची वाट पाहत असे आणि ती केव्हाच मरण पावली आहे, असे त्याला कळते. रात्री त्याला गाणे ऐकू येते, झोपाळ्यावर बसलेली एक आकृती दिसते. तो त्या कामिनीच्या नादी लागतो. स्वतःची लग्नाची बायको समोर असताना तिच्याकडे बघत नाही. शेवटी कळते, की भूत वगैरे काही नव्हते. ती होती वाड्याच्या माळ्याची मुलगी, आशा. हाडामांसाची, जिवंत. पण नायकाला वेड लागले होते ते मेलेल्या कामिनीचे. माळ्याच्या मुलीची कुणी दखलच घेतली नव्हती.

या कामिनीचे काम करणारी मधुबाला तेव्हा सोळा वर्षांची होती. आणि त्या झोपाळ्यावरच्या गाण्याला आवाज देणाऱ्या लता मंगेशकर वीस वर्षांच्या. खेमचंद प्रकाश यांनी बांधलेले ते गाणे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्याची एक हकीकत नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष जवळची वाटेल. त्या काळी ध्वनिमुद्रिकेवर गाणाऱ्याचे नाव छापण्याची पद्धत रुळलेली नव्हती. पडद्यावर जे पात्र गाई, त्याचे नाव छापत. त्यामुळे ‘महल’च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते कामिनी! रेडिओवर गाणे लागले आणि श्रोत्यांची पत्रे येऊ लागली, की ही कामिनी कोण? शेवटी रेडिओने ध्वनिमुद्रिका कंपनीकडे चौकशी केली आणि लताबाईंचे नाव श्रोत्यांना सांगण्यात आले.

म्हणजे बघा, कामिनी या एका नावामागे दोन खऱ्या मुली होत्या. आणि या दोघींच्या बाबतीत आणखी एक योग जुळून आला होता. दोघींनीही कामाला सुरुवात केली ती एकाच वर्षी, १९४२ साली, आणि घर चालवण्यासाठी. एप्रिल १९४२ मध्ये पुण्यात मास्टर दीनानाथ गेले आणि पाच भावंडांतली थोरली लता, बारा वर्षांची, चित्रपटात कामे करू लागली. ‘पहिली मंगळागौर’ हा मराठी चित्रपट त्याच वर्षीचा. आणि त्याच वर्षी मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ‘बसंत’ नावाच्या चित्रपटात एक नऊ वर्षांची मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. पडद्यावर तिचे नाव होते बेबी मुमताज. हीच पुढची मधुबाला.

मुमताज जहाँचा जन्म दिल्लीतला, १४ फेब्रुवारी १९३३चा. अकरा भावंडांतली ती पाचवी. वडील अताउल्ला खान पेशावरकडचे पठाण. त्यांची तंबाखू कंपनीतली नोकरी गेली, हाल सुरू झाले आणि नशीब काढायला कुटुंब मुंबईला आले. मुलगी दिसायला देखणी, चुणचुणीत, नकला करणारी. वडील तिला घेऊन स्टुडिओंचे उंबरठे झिजवू लागले. ज्या वयात आपल्या मुली सागरगोटे खेळत होत्या, त्या वयात ही मुलगी घरातली कमावती झाली. १९४७ साली केदार शर्मांच्या ‘नील कमल’मध्ये राज कपूरसमोर ती नायिका म्हणून आली तेव्हा तिला चौदावे वर्ष होते.

अताउल्ला खान हे नाव मधुबालेच्या चाहत्यांना आवडत नाही. मुलीच्या जिवावर जगणारा, तिचे लग्न मोडणारा, कडक बाप असे त्यांचे चित्र लोकांच्या मनात आहे. ते सगळे खरे की खोटे, याचा निवाडा आपण इथे करायला नको. पण एवढे खरे, की करार तेच करत, तारखा तेच देत, कुठे जायचे आणि कुठे नाही हे तेच ठरवत. मुलगी समारंभांना, मेजवान्यांना फारशी जात नसे. कामावर जायचे आणि घरी यायचे. गंमत अशी झाली, की लोकांना ती जितकी कमी दिसली, तितकी तिच्याविषयीची ओढ वाढत गेली. अमेरिकेतल्या ‘थिएटर आर्ट्स’ या मासिकाने १९५२ साली तिच्यावर लेख छापला. त्याच्या मथळ्याचा भावार्थ असा होता, की जगातली सर्वांत मोठी तारका बेव्हर्ली हिल्समध्ये राहत नाही. ती मुंबईत राहत होती आणि एकोणीस वर्षांची होती.

आता तिच्या कामाकडे वळू. कारण माझे म्हणणे खरे तर तिथेच आहे. ‘बसंत’ पासून १९६४ सालच्या ‘शराबी’ पर्यंत तिने साठांहून अधिक चित्रपट केले. त्यांतले बरेच सुमार होते, हे मान्य करायला हवे. पैशांची गरज होती, हाताशी आले ते घेतले. स्वतःच्या नावाची संस्था काढून ‘नाता’, ‘महलों के ख्वाब’ आणि ‘पठान’ अशा तीन चित्रपटांची निर्मितीही केली. पण जिथे दिग्दर्शक चांगला भेटला, तिथे तिने काय केले ते बघा.

१९५५ साली गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ आला. त्यात ती श्रीमंत घरातली, थोडी अल्लड, थोडी गोंधळलेली अनिता. वारसा मिळायचा तर लग्न करणे भाग आहे, आणि पुरुषांचा तिटकारा असणारी तिची आत्या म्हणते, की नावापुरते लग्न कर आणि मग घटस्फोट घे. आत्या म्हणजे आपल्या ललिता पवार. गुरुदत्त यात व्यंगचित्रकार झाले आहेत आणि त्यांची व्यंगचित्रे काढली होती आर. के. लक्ष्मण यांनी. या चित्रपटातली बायकांच्या हक्कांविषयीची मते आज आपल्याला पटणार नाहीत. पण मधुबालेला बघा. एखादे वाक्य संपल्यावर ती अर्धा क्षण थांबते, डोळे मोठे करते, आणि प्रेक्षक हसतो. तो अर्धा क्षण शिकवून येत नाही.

आणि मग १९५८ साल. त्या एका वर्षात तिचे ‘काला पानी’, ‘हावडा ब्रिज’, ‘फागुन’ आणि ‘चलती का नाम गाडी’ असे चित्रपट आले. एकीत वार्ताहर, एकीत कलकत्त्याच्या हॉटेलातली नर्तकी. ‘चलती का नाम गाडी’त पावसाळी रात्री तिची मोटार बंद पडते आणि ती तीन भावांच्या गॅरेजमध्ये येते. भिजून चिंब झालेली आहे, वैतागलेली आहे. समोर किशोरकुमार हातात पाने-हातोडे घेऊन तिची थट्टा करतो आहे. तिला राग आणायचा आहे आणि हसू तर आवरत नाही. हसू दाबण्याचा हा जो खेळ तिच्या चेहऱ्यावर चालतो, तो मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी मीही तिच्याबरोबर हसलो आहे. पुढे ती गाडी घेऊन निघून जाते आणि दुरुस्तीचे पाच रुपये बारा आणे द्यायला विसरते. सगळा चित्रपट त्या पाच रुपये बारा आण्यांच्या वसुलीवर उभा आहे!

माझे म्हणणे असे, की मधुबाला टिकली ती या हसण्यामुळे. जुने चित्रपट आजच्या मुलांना दाखवून बघा. त्यातले रडणे त्यांना जुने वाटते. पदर तोंडात कोंबून जिन्यावरून धावत जाणारी नायिका बघून ती हसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण रडण्याची तऱ्हा दर पिढीत बदलते. हसण्याचे तसे होत नाही. वेळ साधून केलेला विनोद साठ वर्षांनीही लागू पडतो. त्या काळातल्या अनेक देखण्या नट्या पडद्यावर देवीसारख्या बसून राहिल्या. ही बाई देवीसारखी दिसे आणि शेजारच्या घरातल्या खोडकर मुलीसारखी वागे. म्हणून आजची विशीतली मुलगी तिच्याकडे बघते तेव्हा तिला ती आजीच्या काळातली वाटत नाही, मैत्रीण वाटते.

आता यामागची दुसरी गोष्ट सांगतो. हे सगळे हसणे चालू होते तेव्हा तिला माहीत होते, की आपल्या हृदयाला छिद्र आहे.

१९५४ साली मद्रासला जेमिनीच्या ‘बहुत दिन हुए’ या चित्रपटाचे काम चालू असताना तिला रक्ताची उलटी झाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच छिद्र असणे, असा तो विकार. अशा छिद्रातून रक्त चुकीच्या वाटेने फुप्फुसांकडे जोराने जात राहते. वर्षानुवर्षे तो दाब सोसून फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या निबर होतात. आणि एकदा त्या निबर झाल्या, की मग छिद्र बुजवणेसुद्धा धोक्याचे होऊन बसते.

योगायोग बघा. त्याच १९५४ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. लिलेहाय यांनी असे छिद्र शिवण्याची जगातली पहिली शस्त्रक्रिया केली होती. हृदय थांबवून उघडायचे तर तेवढा वेळ रक्त फिरवायचे कोणी? त्यांनी लहान मुलाच्या नळ्या त्याच्या वडिलांच्या शरीराला जोडल्या आणि वडिलांच्या हृदयाकडून मुलाचे रक्त फिरवून घेतले. विद्या अशी नुकती डोळे उघडत होती. १९६० साली किशोरकुमार यांच्याशी लग्न झाल्यावर ती उपचारांसाठी लंडनला गेली, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला आणि दोनेक वर्षांची मुदत सांगितली. ती नऊ वर्षे जगली, त्यातला पुष्कळसा काळ वांद्र्याच्या घरात अंथरुणाला खिळून. तिच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, याच मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. शास्त्र तिच्या गावात, तिच्या घरापासून काही मैलांवर येऊन पोहोचले होते, पण तिला उपयोगी पडेल इतके पुढे आले नव्हते. आज असे छिद्र लहानपणीच सापडते आणि मुंबई-पुण्यातच काय, इतरही अनेक शहरांत ते बुजवले जाते. ती मुले शाळेत जातात, मैदानावर धावतात.

आणि मघाशी जिचे नाव घेतले त्या गीता बालीला नेणारी देवी? भारतातला तिचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला. म्हणजे गीता बाली गेल्यावर अवघ्या दहा वर्षांनी तो रोगच देशातून गेला. आपण या मृत्यूंना दैव म्हणतो, शाप म्हणतो, सौंदर्याला दृष्ट लागली म्हणतो. मला तसे वाटत नाही. या दोघी वीस-पंचवीस वर्षे आधी जन्मल्या, एवढेच. त्यांच्या जाण्यात सुंदर असे काही नव्हते.

या दुखण्यासकट तिने ‘मुगल-ए-आझम’ पुरा केला. के. आसिफ यांच्या या चित्रपटाचे काम आधीच्या एका फेरीत बंद पडून पुन्हा सुरू झालेले, आणि नव्याने सुरू झाल्यावरही वर्षानुवर्षे रेंगाळलेले. अंधारकोठडीच्या दृश्यांत तिच्या अंगावर घातलेल्या साखळ्या खोट्या नव्हत्या, लोखंडाच्या होत्या. त्याच काळात ‘नया दौर’चा खटला झाला. बी. आर. चोप्रांना मध्य प्रदेशात बाहेर चित्रीकरण करायचे होते, अताउल्ला खान यांनी मुलीला पाठवायला नकार दिला, तिच्या जागी वैजयंतीमाला आली आणि प्रकरण कोर्टात गेले. तिथे दिलीपकुमार यांनी निर्मात्याच्या बाजूने साक्ष दिली. ज्या माणसाशी लग्न होणार अशी बोलवा होती, तोच समोरच्या बाजूला उभा. पुढे आपल्या आत्मचरित्रात दिलीपकुमार यांनी लिहिले, की सलीम आणि अनारकलीचा तो पिसाचा प्रसंग चित्रित झाला तेव्हा ती दोघे एकमेकांना नमस्कारसुद्धा करत नव्हती. हिंदी चित्रपटातला सर्वांत हळुवार समजला जाणारा प्रणयप्रसंग हा! म्हणजे आपण ज्याला प्रेम म्हणून पाहतो आणि उसासे टाकतो, ते दोन कसलेल्या नटांचे काम होते. एरवी अबोला, आणि कॅमेरा सुरू झाला की डोळ्यांत जीव.

५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये ‘मुगल-ए-आझम’ लागला. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभारलेल्या शीशमहालातले ते नृत्य, छतावरच्या आरशाआरशांत दिसणारी अनारकली, आणि आवाज पुन्हा लताबाईंचा. कामिनीपासून अनारकलीपर्यंत अकरा वर्षे झाली होती. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘मुगल-ए-आझम’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मात्र मिळाला बीना राय यांना, ‘घूँघट’साठी. मधुबालेला तो पुरस्कार कधीच मिळाला नाही. तिच्या हयातीत तिला देखणी सगळ्यांनी म्हटले, चांगली नटी फार थोड्यांनी.

तिच्या मागे काय काय झाले, याची उजळणी केली तर मन जरा चमत्कारिक होते. १२ नोव्हेंबर २००४ रोजी ‘मुगल-ए-आझम’ संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा थिएटरांत लागला. मीही गेलो होतो. मूळ चित्रपटात थोडाच भाग रंगीत होता. आता सगळ्यालाच रंग चढवलेला. शेजारी कॉलेजातली मुले बसली होती. शीशमहालाचे गाणे सुरू होताच त्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि पिसाचा प्रसंग आला तेव्हा ती गप्प झाली. २००८ साली टपाल खात्याने तिच्या नावाचे तिकीट काढले. २०१६ साली याच चित्रपटावरचे संगीत नाटक मुंबईत रंगभूमीवर आले. २०१७ साली दिल्लीच्या मेणाच्या संग्रहालयात तिचा पुतळा बसला. २०१९च्या वाढदिवशी इंटरनेटवर गूगलने आपल्या पानावर तिचे चित्र काढले.

आणि या सगळ्यांच्या मध्ये, २०१० साली, तिची कबर गेली. सांताक्रूझच्या कब्रस्तानात संगमरवरी बांधणीची ती कबर होती. तिथेच मोहम्मद रफी होते, साहिर होते, तलत महमूद होते, नौशाद होते. मुंबईत जिवंत माणसांना जागा पुरत नाही, तिथे मृतांना कुठून पुरणार? नव्या दफनांसाठी जागा हवी होती, म्हणून जुन्या कबरी काढून टाकल्या. कायमच्या पक्क्या कबरी बांधू नयेत, असे मानणारेही पुष्कळ आहेत. त्यामुळे यात कुणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण मला त्या दोन तारखांचा मेळ विसरता येत नाही. २००८ साली तिकिटावर तिचा चेहरा देशभर गेला, आणि दोन वर्षांनी तिची जमिनीवरची खूण पुसली गेली. चित्र मोठे होत गेले आणि माणूस लहान होत गेला.

इथे मला ‘महल’ पुन्हा आठवतो. वाड्यात राहणारा तो नायक म्हणजे आपणच नाही का? कामिनीच्या नादात आपण इतके गुंतलो, की माळ्याच्या मुलीकडे बघायचे राहून गेले. दुर्दैवी सौंदर्यवती, अपुरे प्रेम, छिद्र पडलेले हृदय या कामिनीच्या गोष्टी झाल्या. त्या आपण उसासे टाकत सांगतो, ऐकतो. मुमताज जहाँची गोष्ट वेगळी आहे. नवव्या वर्षी कामाला लागलेली, दहा जणांचे घर ओढणारी, चुकत-शिकत विनोदाची वेळ साधायला शिकलेली, अंगात दुखणे घेऊन लोखंडी साखळ्या पेलणारी एक कष्टाळू मुलगी. लताबाईंचे नाव निदान रेडिओच्या श्रोत्यांनी विचारून घेतले. त्या ब्याण्णव वर्षांचे आयुष्य जगल्या, आपल्या कामाचे मोल झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्याबरोबर त्याच वर्षी कामाला लागलेल्या दुसऱ्या मुलीचे नाव विचारायचे मात्र आपण विसरलो. तिला आपण कामिनीच राहू दिले.

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या १४ फेब्रुवारीला किंवा २३ फेब्रुवारीला कुणी मधुबालेची आठवण काढली, तर हळहळू नका. ‘चलती का नाम गाडी’ लावा, घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि ती हसते तेव्हा तुम्हीही हसा. तिच्या मरणाने तिला टिकवलेले नाही, तिच्या कामाने टिकवले आहे, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

वडिलांचा फोटो आणायला गेलो, तेव्हा मी ते चित्रही विकत घेतले. दुकानदाराने ते कागदात गुंडाळून दिले. घरी आल्यावर मी ते उलटे केले आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले: मुमताज जहाँ. जन्म दिल्ली, १९३३. कामाला लागली, मुंबई, १९४२. मग ते भिंतीवर टांगले.